आपलेच पेपर आपणच तपासायचे? अमेरिकेच्या अणुबॉम्ब कारखान्यांवरची स्वतंत्र नजर

अमेरिकेच्या राजधानीत एक छोटंसं सरकारी मंडळ आहे. नाव मात्र लांबलचक: संरक्षण अणुप्रकल्प सुरक्षा मंडळ. माणसं शंभराच्या आसपास. अणुबॉम्ब जिथे बनतात, उघडले जातात, दुरुस्त होतात आणि त्यांचा कचरा जिथे साठवला जातो, त्या सरकारी कारखान्यांत काम नीट चाललंय का, हे बाहेरून पाहणं हेच त्याचं काम. कायद्याप्रमाणे या मंडळावर पाच सदस्य हवेत. २०२५ च्या जानेवारीत दोनच उरले. तिघांचा कोरम लागतो, तो गेला. कर्मचारी रोजचं काम करत राहिले, पण मंडळ म्हणून ठामपणे काही सांगण्याची ताकद लुळी पडली.

आपल्याकडच्या टीव्हीवर यावर चर्चा झाली नाही. होण्यासारखं त्यात काही नव्हतंही. स्फोट झाला नाही, कुणी मेलं नाही, फक्त काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पण आम्हाला वाटतं, ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कारण एखादी देखरेख कायदा न मोडता कशी संपवता येते, हे यातून दिसतं.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून वर्गातलंच उदाहरण देतो. दहावीला आमच्या शाळेच्या मुलांचे पेपर आम्ही तपासत नाही. ते दुसरीकडे जातात. आम्ही बेइमान आहोत असं कुणी म्हणत नाही. पण आपल्या शाळेचा निकाल चांगला लागावा असं आपल्याला वाटतंच, आणि ते वाटणं मार्कांत उतरतं. मशिदीच्या ट्रस्टचा हिशेबही खजिनदार स्वतः तपासत नाही, बाहेरचा ऑडिटर लागतो. खजिनदार कितीही नेक असला तरी. हाच नियम अणुबॉम्बच्या कारखान्याला लावायचा की नाही, एवढाच हा वाद आहे.

मंडळ का जन्माला आलं?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकेने अणुऊर्जा आयोग स्थापन केला. बॉम्ब बनवणारा तोच, वीज प्रकल्पांना चालना देणारा तोच आणि सुरक्षेचे नियम करणाराही तोच. यावर पुढे इतकी टीका झाली की १९७४ मध्ये संसदेने आयोगच मोडला. वीज बनवणाऱ्या खासगी अणुभट्ट्यांसाठी वेगळा नियामक आयोग आला. बॉम्बचे कारखाने मात्र त्याच्या कक्षेत आले नाहीत. ते फिरत फिरत १९७७ मध्ये नव्या ऊर्जा खात्याकडे गेले आणि तिथे ‘आमचं आम्ही बघू’ हाच कारभार चालू राहिला.

तो कसा होता, याचं एक उदाहरण ओहायो राज्यातल्या फर्नाल्डचं. तिथे अणुकार्यक्रमासाठी युरेनियम धातू तयार होत असे. कारखान्याच्या नावात ‘फीड मटेरियल्स’ असे शब्द होते. आसपासच्या अनेकांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं की इथे जनावरांचं खाद्य बनतं. १९८४ मध्ये युरेनियमची धूळ बाहेर सुटल्याची बातमी फुटली, विहिरींचं पाणी दूषित झाल्याचं कळलं आणि लोक कोर्टात गेले. १९८९ मध्ये सरकारने ७ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली.

दुसरं उदाहरण रॉकी फ्लॅट्सचं. डेन्व्हर शहरापासून जेमतेम २५ किलोमीटरवर या कारखान्यात बॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे घडवले जात. १९५७ आणि १९६९ मध्ये तिथे मोठ्या आगी लागल्या. जून १९८९ मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयने आपल्याच सरकारच्या या कारखान्यावर धाड घातली. पर्यावरण कायदे मोडल्याचा संशय होता. कारखाना चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीने पुढे १९९२ मध्ये गुन्हा कबूल केला.

आणि हॅनफर्ड. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलंच. कोलंबिया नदीच्या काठी जमिनीखाली १७७ टाक्या आहेत आणि त्यांत सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी कचरा आहे. अनेक टाक्या गळक्या निघाल्या.

१९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर अमेरिकन लोक विचारू लागले, की रशियाला नावं ठेवतो, आपल्या घरात काय चाललंय? अंतराळवीर म्हणून प्रसिद्ध असलेले जॉन ग्लेन तेव्हा ओहायोचे सिनेटर होते, म्हणजे फर्नाल्ड त्यांच्याच राज्यात. त्यांनी स्वतंत्र देखरेखीसाठी जोर लावला. १९८८ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मंडळ कामाला लागलं.

हातात छडी नाही

या मंडळाला दंड करता येत नाही. कारखान्याला टाळं लावता येत नाही. परवाना देणं-काढणं त्याच्याकडे नाही. मग त्याचा उपयोग काय?

मंडळाला कारखान्यात जाऊन बघता येतं, कागद मागता येतात, साक्षीदार बोलावता येतात आणि सार्वजनिक सुनावणी घेता येते. प्रमुख ठिकाणी त्याचे निरीक्षक कायम मुक्कामाला असतात. त्यांचे नियमित अहवाल, गुपितं वगळून, कुणालाही वाचता येतात. गंभीर काही आढळलं तर मंडळ ऊर्जामंत्र्यांना लेखी शिफारस करतं. मंत्र्यांना ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शिफारस मान्य नसेल तर तसं लिहून द्यावं लागतं, कारणासहित आणि जाहीरपणे.

थोडक्यात, मंडळाकडे दोनच गोष्टी आहेत: पाहण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क. छडी नसलेल्या पर्यवेक्षकासारखं. तो कुणाला नापास करू शकत नाही, पण तो वर्गात आहे म्हणून चिठ्ठ्या बाहेर येत नाहीत. यातला एक हक्क काढला तरी मंडळ नुसतं पाटीपुरतं उरतं.

तज्ज्ञांच्याही चुका होतात

कुणी म्हणेल, तिथे जगातले नामांकित शास्त्रज्ञ बसलेत, त्यांच्यावर बाहेरच्यांनी नजर कशाला ठेवायची? यावर तीन घटना सांगतो.

ऑगस्ट २०११, लॉस अलामोस. पहिला अणुबॉम्ब जिथे तयार झाला तीच ही प्रयोगशाळा. तिथल्या तंत्रज्ञांनी प्लुटोनियमच्या आठ कांड्या एका टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. कशासाठी? फोटो काढण्यासाठी. आपण केलेल्या कामाचा त्यांना अभिमान वाटत होता. विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकवतो की असं मूलद्रव्य ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त एका जागी आलं की साखळी प्रक्रिया आपोआप सुरू होऊ शकते. बॉम्बसारखा स्फोट होत नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जीवघेणा किरणोत्सर्ग लागू शकतो. जेवणाच्या सुट्टीवरून परतलेल्या पर्यवेक्षिकेने हे पाहिलं आणि कांड्या बाजूला करायला सांगितल्या. खरं तर नियम असा की हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडायचं, कारण माणसाचं शरीरही न्यूट्रॉन परतवतं आणि धोका वाढवतं. सुदैवाने काही झालं नाही. पण या प्रश्नावर काम करणारे तिथले बहुतेक सुरक्षा अभियंते नोकरी सोडून गेले, आणि २०१३ मध्ये त्या इमारतीतलं प्लुटोनियमचं काम संचालकांना थांबवावं लागलं. काही कामं पुन्हा सुरू व्हायला वर्षं लागली.

दुसरी घटना कचऱ्याची. न्यू मेक्सिको राज्यात मिठाच्या थरांत, जमिनीखाली सुमारे ६५५ मीटरवर, बॉम्ब कारखान्यांचा कचरा कायमचा पुरला जातो. कचऱ्याच्या पिंपातला ओलावा शोषायला मांजराच्या शी-शूसाठी विकतात ती माती टाकत. ती खनिज माती हवी. पण सूचनापत्रात ‘ऑरगॅनिक’ असं लिहिलं गेलं, आणि लॉस अलामोसमध्ये पिंपं भरताना गव्हापासून बनवलेला प्रकार वापरला गेला. आतल्या नायट्रेट क्षारांशी त्याची प्रक्रिया झाली, उष्णता वाढली आणि १४ फेब्रुवारी २०१४ ला एक पिंप फुटलं. वीसहून अधिक कामगारांच्या शरीरात किरणोत्सारी कण गेल्याचं आढळलं, प्रमाण कमी होतं एवढंच समाधान. ते भूमिगत कोठार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं. एका शब्दाची चूक किती महाग पडते, हे कुठल्याही शिक्षकाला वेगळं सांगायला नको.

या दोन घटनांत चूक आतल्यांच्या नजरेतून सुटली. तिसऱ्या घटनेत ती आतल्याच एकाला दिसली होती. हॅनफर्डच्या टाक्यांतल्या कचऱ्याची काच बनवून तो बंदिस्त करायचा, असा प्रचंड प्रकल्प आहे. २०१० मध्ये तिथल्या एका वरिष्ठ अभियंत्याने आराखड्यात धोके आहेत असं सांगितलं. त्याला प्रकल्पावरून हटवण्यात आलं. मग या सुरक्षा मंडळाने चौकशी केली, साक्षी घेतल्या आणि जून २०११ मध्ये जाहीर शिफारस केली: इथे अडचण फक्त यंत्रांची नाही, बोलणाऱ्याला गप्प करण्याची रीत पडली आहे. मंत्र्यांनी शिफारस स्वीकारली. पुढे २०१२ मध्ये त्या प्रकल्पाच्या एका मुख्य इमारतीचं बांधकाम तांत्रिक प्रश्नांमुळेच थांबवावं लागलं. बाहेरचा कुणी ऐकणारा नसता तर त्या अभियंत्याचं म्हणणं त्याच्या फाईलबरोबर कपाटात गेलं असतं.

खुर्ची रिकामी ठेवली की झालं

आता ही देखरेख कशी आवळली जाते ते पाहू. २०१७ मध्ये मंडळाच्या त्या वेळच्या अध्यक्षांनीच, शॉन सुलिव्हन यांनी, सरकारला खासगी पत्र लिहून मंडळ बरखास्त करावं असं सुचवलं. पत्र उघड झालं, गदारोळ झाला, प्रस्ताव बारगळला आणि पुढच्या वर्षी ते पायउतार झाले.

मग २०१८ मध्ये ऊर्जा खात्याने एक अंतर्गत आदेश काढला, क्रमांक १४०.१. त्यात मंडळाला कोणती माहिती द्यायची, कोणत्या इमारतींबाबत द्यायची, यावर मर्यादा आल्या. ‘जनतेची सुरक्षा’ म्हणजे कुंपणाबाहेरची जनता, असाही अर्थ लावला गेला. म्हणजे काय, तर आतला कामगार जनतेत मोजायचाच नाही! ज्याचे हात प्लुटोनियमच्या सर्वांत जवळ, तोच हिशेबातून बाहेर.

अमेरिकन संसदेला श्रेय द्यायला हवं. दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी विरोध केला आणि २०१९ च्या अखेरीस कायद्यातच दुरुस्ती झाली. मंडळाला माहिती विनाअडथळा मिळाली पाहिजे आणि जनतेच्या सुरक्षेत कामगारही येतात, असं स्पष्ट लिहिलं गेलं. खात्याला आदेश बदलावा लागला.

पण मंडळ बंद करण्याचा ठराव करायचा नसेल आणि माहितीही अडवायची नसेल, तर तिसरा मार्ग उरतोच: सदस्य नेमायचेच नाहीत. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, मंजुरी सिनेट देतं. दोघांपैकी कुणीही नुसतं स्वस्थ बसलं तरी पुरतं. २०२५ च्या जानेवारीत कोरम गेला तो असा. त्याच्या पुढच्याच महिन्यात अण्वस्त्रांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेतल्या अनेक कर्मचाऱ्यांना तडकाफडकी काढल्याची पत्रं गेली आणि काही दिवसांत बहुतेकांना परत बोलावण्यात आलं. घाईत काय होतं, याचा हा नमुना.

मोर्चा काढावा असा कुठला निर्णयच यात होत नाही, म्हणून खुर्ची रिकामी ठेवण्याला विरोध करणंही कठीण जातं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

मंडळ नको म्हणणाऱ्यांचे मुद्दे आपण ऐकले पाहिजेत. पहिला मुद्दा, ऊर्जा खात्याचं स्वतःचं तपासणी कार्यालय आहे, मग दोन-दोन कशाला? दुसरा, शिफारशींमुळे काम रेंगाळतं, आणि चीन-रशिया तर थांबलेले नाहीत. तिसरा, खर्च.

खर्चाचं सोपं आहे. मंडळाचं वर्षाचं बजेट सुमारे ४ कोटी डॉलर. ज्या अण्वस्त्र कामांवर ते नजर ठेवतं, त्यांचं बजेट १९ अब्ज डॉलरच्या पुढे. म्हणजे शंभर रुपयांच्या बाजारात वीस पैसे.

कामाच्या वेगाचा मुद्दा मात्र खरा आहे. अमेरिकेच्या कायद्याने २०३० पर्यंत वर्षाला किमान ८० नवे प्लुटोनियम गाभे बनवण्याचं लक्ष्य ठेवलंय: लॉस अलामोसला ३० आणि सव्हाना रिव्हरला ५०. दोन्ही ठिकाणी काम मागे पडलंय आणि वरून दबाव आहे. पण दबाव वाढतो तेव्हाच चुका वाढतात. परीक्षा जवळ आली, पोर्शन राहिला, की आपण काय करतो ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. आणि ज्यांनी सुरक्षेकडे दुर्लक्ष केलं त्यांचं काम वेगाने झालं असंही नाही. लॉस अलामोस थांबलं, ते भूमिगत कोठार तीन वर्षं बंद पडलं, रॉकी फ्लॅट्सचं उत्पादन तर कायमचं थांबलं.

खात्याचं अंतर्गत कार्यालय चांगलं काम करत असेल, मान्य. पण त्याचा प्रमुख त्याच मंत्र्यांच्या हाताखाली असतो, ज्यांना गाभे वेळेवर हवेत. शिवाय हे कारखाने चालवतात ठेकेदार कंपन्या, आणि त्यांचं बक्षीस काम वेळेत होण्याशीही बांधलेलं असतं. अशा साखळीत ‘थांबा’ म्हणणारा एक तरी माणूस असा हवा, ज्याचा पगार आणि बढती त्या साखळीत अडकलेली नाही.

त्यातही बॉम्बच्या कारखान्याचं वेगळेपण असं, की तिथे पत्रकार जाऊ शकत नाही, शेजारी जाऊ शकत नाही, कामगार घरी येऊन बायकोलाही सगळं सांगू शकत नाही. साध्या कारखान्यावर दहा नजरा असतात. इथे गुप्ततेमुळे त्या सगळ्या बंद. म्हणून जी एक उघडी आहे ती जपायची. अण्वस्त्रं असावीत की नसावीत यावर मतभेद होतील, आमच्यातही आहेत. पण ती असेपर्यंत ती हाताळणारा कामगार सुरक्षित असावा, यावर मतभेद व्हायला नकोत.

आणि आपल्याकडे?

मुंबईत राहणाऱ्यांना ट्रॉम्बे नवीन नाही. चेंबूर, मानखुर्दच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालं. २००० मध्ये आणखी एक आदेश निघाला आणि भाभा केंद्राच्या सुविधा या मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा व्यवस्थेकडे दिल्या गेल्या. म्हणजे अमेरिकेने १९८८ मध्ये जी रीत सोडली, त्याच दिशेला आपण २००० मध्ये गेलो.

जानेवारी २००३ मध्ये कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात, जो भाभा केंद्राच्याच अखत्यारीत होता, सहा कामगारांना मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग लागला. २०१२ मध्ये कॅगने आपल्या अहवालात नियामक मंडळ पुरेसं स्वतंत्र नाही यावर बोट ठेवलं. त्याआधी २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं होतं, ते लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने नवा अणुकायदा मंजूर केला आणि नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण अमेरिकेचा अनुभव सांगतो की कायद्यात नाव असणं ही फक्त सुरुवात आहे. कायदा तर त्यांच्याकडेही आहे. पुढचे प्रश्न महत्त्वाचे: सदस्य कोण नेमतो? जागा वेळेत भरतात का? अहवाल लोकांना वाचायला मिळतात का? आणि गुप्त म्हणून ज्या इमारती वगळल्या, त्यांत काम करणाऱ्याची काळजी कोण घेतो?

आपल्या घरांतली कितीतरी मुलं फिटर, वेल्डर, सुपरवायझर म्हणून मोठ्या प्रकल्पांत ठेक्यावर काम करतात, इथे आणि आखातातही. प्रकल्प अणूचा असो की तेलाचा, प्रश्न तोच असतो: धोका दिसला तर तो सांगायला त्याला साहेबाशिवाय दुसरं कुणी आहे का? मुलगा पुढच्या वेळी घरी आला की हे त्याला जरूर विचारा. उत्तर ‘कुणीच नाही’ असं आलं, तर ते ऐकून सोडून देऊ नका.